आधी गोळी, मग माफी

दिलीप चहा आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीबाहेर मी बाकड्यावर बसले होते. अंगात ताप होता, खोकला थांबत नव्हता. समुपदेशनाच्या मॅडमनी आधी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, मग दिलीपला, आणि शेवटी दोघांना समोर बसवून. दोघांनाही एचआयव्ही होता. मला त्याच्या जोडीला टीबी. मॅडम सांगत होत्या की आता औषधं चांगली आली आहेत, फुकट मिळतात, रोज नेमानं गोळी घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो. मला ते ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मी नवऱ्याकडे बघत होते आणि नवरा टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या देवाच्या फोटोकडे बघत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू बस. चहा घेऊन येतो. तुला घाम सुटलाय."

मी बसले. आधी वाटलं गर्दी असेल. मग वाटलं चहावाल्याकडे सुट्टे नसतील. मग फोन लावला तर बंद. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, ती म्हणाली, "कुनाची वाट बघायलीस, बाई?" मी म्हटलं, "चहाची." ती हसली. मला खरंच तहान लागली होती. त्या दिवशी मला जो संताप आला तो आजाराचा नव्हता. आजार अजून डोक्यात शिरलाच नव्हता. राग आला तो त्या न आलेल्या चहाचा. रिक्षात बसून मी एकटी घरी आले आणि घागरीतलं पाणी उभ्यानं प्यायले.

*

मला सुरेखा म्हणा. खरं नाव देत नाही. दिलं तर माझी खानावळ बंद पडेल आणि मग तुम्ही मला धीर द्यायला येणार नाही आहात. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंगची पोरं भाड्यानं राहतात, त्यांना मी दोन वेळचं जेवण देते. माझ्या हातची तुरीची आमटी खाऊन किती जण इंजिनीअर झाले याचा हिशेब कॉलेजनं ठेवला नसेल, मीही ठेवला नाही. दिलीप बियाण्याच्या एका कंपनीत होता. देगलूर, बोधन, बीदर असं त्याचं फिरणं. महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. मूलबाळ नाही. गाव कंधार तालुक्यात, अहमदपूरच्या बाजूला. तिथं थोडं रान आणि त्याची आई.

इथं लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर कधी म्हटलं नाही. एवढी मोकळीक मी घेणार.

आता तुम्हाला हवा असलेला प्रश्न. त्याला हा आजार कुठून आला? हा आजार असलेल्यांचा आमचा एक गट आहे, त्यात नवीन कुणी आलं की नातेवाईक हेच विचारतात. गोळ्या मिळतात का, भूक लागते का, झोप येते का, हे कुणी विचारत नाही. मला माहीत आहे कुठून आला. त्यानं नंतर सगळं सांगितलं. मी ते सांगणार नाही, कारण ते कळल्यावर तुमचं समाधान होईल आणि तुम्ही पुढचं वाचणार नाही.

*

टीबीनं मला आडवं केलं. पोरांना सांगितलं, टीबी आहे, खानावळ बंद. तो शब्द चालतो. टीबी म्हटलं की लोक तोंडावर रुमाल धरून का होईना, पण दारापर्यंत येतात. माझ्या भावानं फोनवर विचारलं, "नुसता टीबीच ना?" मी म्हटलं, "नुसता टीबीच." तरी तो आला नाही.

सासू आली. तिला मी आत्याबाई म्हणते. आमचं कधी पटलं नव्हतं. मूल होत नाही म्हणून तिनं मला इतकी वर्षं टोचून टोचून खाल्लं होतं की तिचा पायरव ऐकून माझी पाठ ताठ व्हायची. ती ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन रिक्षातून उतरली आणि दारातूनच म्हणाली, "काय हाडं दिसून राहिलीत गं. आणि ह्यो कुठं हाय?"

मी म्हटलं, "कामावर." आठवडाभर हेच म्हणत राहिले. माझ्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, उलट्या व्हायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे फोडणीचा वास सहन होत नव्हता. ज्या बाईचं पोट फोडणीवर चालतं तिला मोहरी तडतडली की मोरीकडे पळावं लागत होतं. आत्याबाई माझ्यासाठी बिनफोडणीचं वरण करायच्या आणि स्वतःही तेच खायच्या. एक दिवस माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, त्या कपाळाला तेल चोळत होत्या, आणि मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव, दोघांना आहे हे, आणि चहाचंही.

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता उठतील, हात धुतील, पिशवी भरतील. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे माझ्याच पोरानं दिलं का तुला?"

मी मांडीवरच मान हलवली.

"आणि दिऊन पळाला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेल चोळायला लागल्या, पण इतक्या जोरात की माझं कपाळ दुखायला लागलं. मी त्यांना थांबवलं नाही.

*

औषधाच्या रांगेबद्दल थोडं सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तिचीच भीती सगळ्यात जास्त असते. आजाराची नाही, रांगेची. बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभ्या असतात, फक्त डोळे दिसतात. पुरुष टोपी खाली ओढून. मला तिथं कंधारची एक बाई दिसली, आमच्या नात्यातल्या लग्नात पंगतीला माझ्याशेजारी बसलेली. तिनं मला ओळखलं, मी तिला. दोघींनी मान फिरवली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात ती हळूच म्हणाली, "तुमची भजी लई चांगली झाली होती त्या लग्नात." मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं जमलं का?" तेवढंच बोललो. पण त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटत नव्हतं.

अशा लहान गोष्टींवर दिवस निघतात. पहिल्यांदा भूक लागली तो दिवस मला आठवतो. आत्याबाईंनी ठेचा वाटला होता आणि मला तो हवासा वाटला. त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माझ्या सुनेनं भाकर मागून घेतली!" शेजारीण बिचारी काय समजली असेल देव जाणे.

*

दिलीप लातूरला होता. धान्याच्या मोंढ्याजवळ एका बियाण्याच्या दुकानात कामाला लागला होता आणि ओळखीच्या माणसाच्या खोलीत राहत होता. हे मला त्याच माणसानं फोन करून कळवलं. "वहिनी, दिलीपराव बरे हायत," तो म्हणाला आणि लगेच, "तसे बरे न्हाईत."

मग दिलीपचे फोन सुरू झाले. म्हणजे फोन यायचा आणि पलीकडून नुसता श्वास. मी ओळखायची. मी म्हणायची, "गोळ्या सुरू केल्या का?" फोन बंद. पुन्हा काही दिवसांनी फोन. पुन्हा तोच प्रश्न. शेवटी एकदा तो बोलला.

"सुरेखा, मी तुला मारलं."

"मी जिवंत आहे. गोळ्या सुरू केल्या का?"

"मला काय तोंडानं गोळी खावी वाटंल? तुला ह्यात घातलं आणि मी गोळ्या खाऊन धडधाकट फिरू?"

मी म्हटलं, "हो. तसंच करायचं असतं."

"तू एकदा म्हण, माफ केलं. मग घेतो. देवाशपथ घेतो."

मी म्हटलं, "आधी गोळी घ्या. माफीचं मग बघू."

हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, "बरोबर बोललात." दर फोनला मी तेच बोलत गेले. तो म्हणायचा आधी माफी, मी म्हणायची आधी गोळी. बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडावं तसं आम्ही त्याच्या जिवावरून भांडत होतो, आणि दोघांपैकी कुणीही भाव सोडायला तयार नव्हतं.

मॅडमनी मला समजावलं होतं की पळणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही बायकोच्या आजाराला भिऊन पळतात, काही बायकोला तोंड दाखवायला भिऊन. मला दुसऱ्या प्रकारच्यांचा जास्त राग यायचा. पहिला निदान उघड निर्लज्ज असतो. ह्याला पळूनही चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. मी इकडे ओकत होते आणि तो तिकडे माझ्यासाठी झुरत होता. त्या झुरण्याचा मला काय उपयोग? त्यानं मला एक ग्लास पाणी तरी मिळालं का?

*

आमच्या गटानं त्या वर्षी एड्स दिनासाठी नाटक बसवलं. अर्ध्या तासाचं, तालुक्याच्या गावी चौकात करायचं. गोष्ट साधी: नवरा-बायको, दोघांना आजार, नवरा बायकोला टाकून जातो, शेजारीपाजारी तिला वाळीत टाकतात, मग एक नर्सबाई येऊन सगळ्यांना समजावते. नाटकातल्या नर्सबाईंचं सगळे पटकन ऐकतात.

बायकोचं काम करायला तिघी तयार होत्या. नवऱ्याचं काम करायला एकही पुरुष तयार होईना. "लोकं म्हनतील ह्यो खराच तसला हाय," एक जण म्हणाला. दुसरा उठून बाहेर गेला. मी म्हटलं, "मी करते." सगळे हसले. मी म्हटलं, "का? मी त्याला रोज बघत होते. तुम्हा सगळ्यांपेक्षा मला चांगलं येईल."

घरातून दिलीपचा कंपनीचा शर्ट आणला, केस टोपीत कोंबले. तालमीत मी नवऱ्याचा नुसता राक्षस केला. बायकोला ढकलायचं, खेकसायचं, "मी चाललो" म्हणून ताडताड निघून जायचं. तालीम घेणारे सर निवृत्त मास्तर होते. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, "सुरेखाबाई, हा माणूस इतका हलकट आहे तर तो बायकोला सोडून जाईलच कशाला? आरामात घरी बसून तिच्याकडून पाय चेपून घेईल. जातो म्हणजे त्याला तिथं बसवत नाही. का बसवत नाही ते मला दिसू दे."

मी चिडले. म्हटलं, त्याची बाजू घेता का? सर म्हणाले, "बाजू नाही, काम करा."

मग मी दिलीप जसा गेला तसा गेले. ढकलणं नाही, ओरडणं नाही. बायकोचं काम करणाऱ्या पोरीच्या कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "बस. चहा घेऊन येतो." आणि चालायला लागले. चार पावलं गेले. मागं वळून बघावंसं वाटलं आणि वळवेना, कारण वळलं तर ती बघत असणार. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी दवाखान्यात त्याच्यामागे माझे डोळे होते. त्या डोळ्यांपासून तो पळाला. मला कळलं म्हणजे राग गेला असं नाही. उलट वाढला. कळल्यावर राग धरून ठेवायला जास्त जोर लागतो.

चौकात नाटक झालं तेव्हा लोकांनी नवऱ्याला, म्हणजे मला, शिव्या दिल्या. एकानं शेंगांची टरफलं फेकली. सगळ्यांना वाटलं नाटक रंगलं. आत्याबाई पुढच्या ओळीत पदर तोंडात धरून बसल्या होत्या. नंतर मी टोपी काढून त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी मला शर्टाच्या बाहीला धरलं, त्याचाच शर्ट, आणि म्हणाल्या, "एवढं वंगाळ न्हाई गं माझं लेकरू. लई भित्रं हाय. ल्हानपनी बैल मारायला धावला की झाडावर चढून बसायचं, आणि मग उतरायला रडायचं." मग म्हणाल्या, "येळवसाला बलावू त्याला. येळवसाला कुनी न्हाई म्हनत न्हाई."

*

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, रब्बी उभी असताना येणारी. त्या दिवशी लातुराकडची गावं ओस पडतात, माणसं सगळी रानात. कडब्याची खोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडून पूजा करायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर आणि डेराभर आंबील. बांधावरून कुणीही जात असलं तरी हाक मारून जेवायला बसवायचं; ओळख लागत नाही, जात विचारत नाहीत. पुण्या-मुंबईला गेलेली पोरंसुद्धा त्या दिवशी रानात हजर. भांडलेले भाऊ एका खोपीत बसतात, बोलले नाहीत तरी जेवतात.

आत्याबाईंनी मला आंबील घालायला लावली. मी म्हटलं, "मी?" त्या म्हणाल्या, "मग कोन? गावात दुसरी सून हाय का मला?" डेरा डोक्यावर घेऊन मी रानात गेले. इतक्या महिन्यांनी अंगात तेवढी ताकद होती, म्हणून मला रडू आलं.

दिलीप दुपारी आला. आला म्हणजे बांधावर उभा राहिला, परक्या माणसासारखा. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. ओठांच्या कडेला पांढरं. मी आजारात आरशात जे बघितलं होतं तेच बांधावर उभं होतं. चालीरीतीप्रमाणं मी हाक मारायची होती. मी हाक मारली. "या, जेवायला या." गावच्या कुठल्याही वाटसराला मारली असती तशीच.

तो खोपीजवळ आला, बाजूला बसला आणि पिशवीतून स्टीलचा ताटवाटीचा डबा काढला. ग्लाससुद्धा स्वतःचा. "मला ह्यात घाला," म्हणाला. "वरून घाला. लागू देऊ नका." त्याला माहीतच नव्हतं की आंबिलीनं, ग्लासानं, ताटानं हे लागत नाही. पहिल्याच दिवशी मॅडम ते सांगत होत्या तेव्हा तो देव बघत होता. तेव्हापासून तो लातूरला असाच जेवत होता, एकटा, कोपऱ्यात, भांडी वेगळी घासून.

आत्याबाई म्हणाल्या, "येळवसाला घरून भांडं आनतंय व्हय रे कुनी? ठिव ते आत." आणि घरच्याच ताटात वाढलं. तो जेवला. फार नाही, पण जेवला.

नंतर मी ज्वारीच्या कडेला उभी होते तिथं तो आला. म्हणाला, "तुझी तब्येत सुधरली."

"गोळ्यांनी."

"लातूरच्या दवाखान्यात नाव घातलंय मी. गोळ्या आणल्यात." मी वळून बघितलं. तो घाईनं म्हणाला, "घेतल्या नाहीत अजून. तू म्हण. आत्ता म्हण, आज संध्याकाळी सुरू करतो. सुरेखा, मला जगायचंय गं. पण असं नाही जगता येत."

आत्याबाई खोपीच्या दारातून आमच्याकडे बघत होत्या. मला म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. पण मला त्याला माफ करता येत नव्हतं आणि खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. त्याहून खरं सांगते: त्यानं माझं सगळं नेलं होतं, तब्येत, खानावळ, माहेर. त्याला हवी असलेली एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती. ती मला सोडवेना.

मी म्हटलं, "आधी गोळी."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. डबा पिशवीत घातला, आईच्या पाया पडला आणि उन्हं कलायच्या आत निघाला. मी बांधापर्यंतही गेले नाही.

*

लातूरहून पुन्हा त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आला. "वहिनी, दवाखान्यात ठेवलंय. कुनाला ओळखू राहिले न्हाईत." आम्ही दोघी गेलो.

आजार डोक्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उशीर झालाय, तरी औषध देतोय, म्हणाले. मी वॉर्डात राहिले. रोग्याची सोबत करणाऱ्या बायकांचं जग निराळंच असतं. नळाला पाणी कधी येतं, कुठल्या खिडकीत चटई टाकली की वारा लागतो, कुणाचा नवरा आज उठून बसला, हे सगळ्यांना सगळं माहीत. मला कुणी विचारलं नाही की ह्याला काय झालंय. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांची सून न बोलता आमच्यासाठीही पाणी भरून ठेवायची. तिचं नाव विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मी त्याला चमच्यानं पेज भरवायची. निम्मी बाहेर. पुसायची, पुन्हा भरवायची. राग होता तिथंच होता, पण हात आपलं काम करत होते. एका सकाळी त्यानं मला ओळखलं. डोळे स्वच्छ होते. ओठ हलले, मी कान जवळ नेला.

"केलंस?"

मी लगेच म्हटलं, "केलं. माफ केलं तुम्हाला."

इतकं सोपं होतं ते. तोंडातून सहज निघालं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना दिलीप दिसला, बीदरहून येताना माझ्यासाठी काही आणलं की आधी नाही म्हणून चिडवणारा.

"खोटं बोलायलीस," तो म्हणाला. "पन बरं वाटलं."

नर्स गोळी घेऊन आली तेव्हा त्यानं स्वतःहून तोंड उघडलं. त्यानंतर रोज उघडत होता, जोवर उघडता येत होतं. शरीरानं मात्र तोवर सोडून दिलं होतं. तो गेला.

*

हे वाचणाऱ्यांत कुणी आजारी असेल, कुणी आजाऱ्याच्या घरचं. घरच्यांना सांगते. तुमच्याकडे असा कुणी असेल जो म्हणतो, आधी माफ कर मग औषध घेतो, तर म्हणून टाका. खोटं म्हणा, दात खाऊन म्हणा, मनातल्या मनात शिवी देऊन म्हणा. राग नंतर काढता येतो, त्याला हवं तेवढं आयुष्य पडलेलं असतं. मेलेल्यावर राग काढता येत नाही, मी करून बघितलं. आणि तुम्ही स्वतः तो पळालेला असाल, तर कुणाच्या शब्दासाठी थांबू नका. गोळी प्रायश्चित्त नाही आणि बक्षीसही नाही. ती नुसती गोळी आहे. तुम्ही चांगले असा की वाईट, ती काम करते.

मॅडम म्हणतात, तुमचा दोष नाही. त्यांचं कामच आहे ते. मी त्यांना काही बोलत नाही. माझी तपासणी चांगली येते, वजन वाढलंय, खानावळ पुन्हा सुरू झाली. फोडणीचा वास सहन होतो.

दिवसकार्य झाल्यावर मी आणि आत्याबाई लातूरला त्याच्या खोलीवर सामान आणायला गेलो होतो. दोन शर्ट, तो डबा, आणि गोळ्यांची बाटली. बाटलीचं सील तसंच होतं. आत्याबाईंनी विचारलं, "ह्याच का त्या?" मी मान हलवली. परतीच्या गाडीत त्या बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या. चाकूर मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या,

"त्यानं मला बी इचारलं हुतं. येळवसाच्या आदी, फोनवर. म्हनला, आई, ती म्हनत न्हाई, तू तर म्हन. तू म्हनलीस तरी मी खातो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, जिचं वाटुळं केलंस तिला इचार. तिनं म्हनल्याबिगर मी न्हाई म्हनायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्यापाई म्हनलं गं. इतकी वर्सं तुला बोलले, म्हनलं आता तरी तुझ्या बाजूनं हुबी ऱ्हावं."

गाडीत माणसं बोलत होती, पुढं कुणाच्या तरी फोनवर गाणं चालू होतं. आत्याबाईंनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला तरी माफ करशील का गं, माय?" त्या म्हणाल्या.

कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या मनात खरं काय आहे तेही मी बघितलं नाही. वाक्य पुरतं संपायच्या आत मी म्हटलं, "केलं."